शेवटच्या नंबरची बकरी

माझ्या मावशीला बकऱ्यांमधली उतरंड मान्य नव्हती. उतरंड आहे हे तिला दिसत होतं, बकऱ्या पाळणाऱ्या कोणालाही ते दिसतं. पण ती आपल्या कोठ्यात चालेल, हे तिला पटणार नव्हतं. आणि मावशीला एखादी गोष्ट पटली नाही की ती तोंडानं सांगून गप्प बसणारी बाई नव्हे. ती कामाला लागते.

आधी माझं सांगते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. लोकांना वाटतं मिरवते. मिरवतेच. आता मी नागपूरच्या कडेला, बेस्याला राहते आणि नागपुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. ही हकीकत माझ्या पीएचडीच्या वेळची. विषय असा होता: कळपानं राहणाऱ्या प्राण्यांत कोण वरचा, कोण खालचा हे ठरलेलं असतं, त्या नंबराचा अंगातल्या हार्मोन्सवर आणि रोगाशी लढायच्या ताकदीवर काय परिणाम होतो?

माझ्यासोबतच्या मुलांना वानरं हवी होती, हरणं हवी होती, जंगलाच्या परवानग्या हव्या होत्या. माझ्या गाइड मॅडमनी मला विचारलं, "तुझा कळप कुठे आहे?" मी म्हटलं, "खाप्याला. मावशीकडे." मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या बकऱ्यांची वयं माहीत आहेत? कोण कोणाची मुलगी, माहीत आहे?" मी म्हटलं, "मावशीला कोणाची आजी कोण होती तेही पाठ आहे." त्या म्हणाल्या, "मग जंगलात कशाला जायचं?"

मावशी खाप्याच्या कडेला राहते, कन्हान नदीकडे उतरायच्या रस्त्यावर. मावसाजी गेले, मुली लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या. राहिल्या बकऱ्या. घरामागे टिनाची शेड, तिलाच आमच्याकडे कोठा म्हणतात. दिवसभर बकऱ्या नदीकाठानं बाभळीच्या शेंगा खात फिरतात, संध्याकाळी कोठ्यात येतात आणि मावशी त्यांच्यापुढे एका लांब लाकडी गव्हाणीत पाला आणि डाळीची चुनी टाकते. मावशी उंच आहे, आवाज त्याहून उंच. कोणाच्याही घरी गेली की पहिल्यांदा खुर्ची मागते. कंबर दुखते म्हणून नाही. तिच्या आईला आयुष्यभर लोकांच्या अंगणात खाली बसायला लागलं. आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली आणि घरी येऊन सांगितलं की आता आपण कोणाच्या पायाशी बसणार नाही. मावशी तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती. पण ते वाक्य तिनं असं उचललंय की जणू तिलाच सांगितलं होतं.

मी पहिल्यांदा सामान घेऊन गेले तेव्हा तिनं विचारलं, "काय काय लागते तुले?"

मी म्हटलं, "लेंड्या."

"काहून?"

"त्याच्यात हार्मोन सापडते मावशी. बकरीले ताण हाये का नाई, ते समजते."

"म्हणजे एवढं शिकून," ती म्हणाली, "तू लेंड्याच येचणार?"

"ताज्या पाहिजे. पडल्या पडल्या."

"अवं बाई," ती शेजारणीला ओरडून सांगायला लागली, "इकडं ये वं, आमची डॉक्टरीण पाय! बकरीच्या मागं पिशवी धरून उभी राहणार हाये म्हणते!"

आणि तशीच उभी राहिले मी. कित्येक सकाळी. बकरीनं शेपूट उचललं की धावायचं, पिशवी धरायची, बकरीच्या पाठीवर कोणता रंग लावलाय ते पिशवीवर लिहायचं, बर्फाच्या थर्मासात टाकायचं. दुपारच्या एसटीनं थर्मास नागपूरला. एकदा बसमध्ये शेजारच्या काकांनी प्रेमानं विचारलं, "कुल्फी विकता का बाई?" मी खरं ते सांगितलं. सावनेरपर्यंत मला दोन माणसांची सीट एकटीला मिळाली.

संध्याकाळी गव्हाणीपाशी बसून मी बघायचे की कोण कोणाला हटवते. एवढंच. एक बकरी खात असते, दुसरी येते, पहिली सरकते. कधी शिंग लागतं, बहुतेक वेळा लागतही नाही. नुसती मान वळवली, कान मागे केले, की समोरची बाजूला. थोड्या आठवड्यांत चित्र स्वच्छ झालं. सगळ्यांत वर होती काळी. मोठी, जुनी, तलवारीसारखी मागे वळलेली शिंगं. ती गव्हाणीच्या मधोमध उभी राही आणि तिच्या दोन्ही बाजूंना जागा आपोआप मोकळी होई. सगळ्यांत खाली होती भुंडी. पांढरी, तांबूस कानांची, जन्मतः शिंगं नसलेली. बकऱ्यांत शिंग नाही म्हणजे अर्ध्याहून जास्त गोष्ट तिथेच संपते. भुंडी गव्हाणीच्या टोकाला उभी राही, एक घास घेई आणि मान वर करून मागे बघे. पुन्हा घास, पुन्हा मागे. तिला क्वचितच कोणी मारत असे. पण मारतील की काय हे बघण्यातच तिचं जेवण संपून जाई.

रिपोर्ट यायला लागले तसं मी मावशीला समजावून सांगत गेले. कोठ्याच्या दारात ती खुर्चीवर, मी पायरीवर. मी म्हटलं, मूत्रपिंडाच्या वर टोपीसारखी एक ग्रंथी असते. भीती वाटली, की ती कॉर्टिसॉल नावाचा हार्मोन सोडते. तो वाईट नाही. कुत्रं मागे लागलं तर पळायची ताकद तोच देतो. शरीर म्हणतं, आत्ता बाकीची कामं ठेवा, जीव वाचवा. जखमा भरणं, जंतूंवर नजर ठेवणं, ही कामं मागे पडतात. कुत्रं गेलं की हार्मोन उतरतो आणि कामं परत सुरू होतात. किती सुंदर सोय आहे! मला आजही वर्गात हे शिकवताना अंगावर काटा येतो. कोणी हुकूम देत नाही, कोणी सभा घेत नाही, आणि आख्खं शरीर एका क्षणात ठरवतं की आता महत्त्वाचं काय.

"मंग?" मावशी म्हणाली.

"मंग भुंडीचं कुत्रं जातच नाई ना. ते रोज गव्हाणीवर उभं असते."

मावशीनं वळून कोठ्यात भुंडीकडे पाहिलं.

मी पुढचं सांगितलं. पावसाळ्याआधी सगळ्या बकऱ्यांना आंत्रविषाराची लस दिली होती. लस दिल्यावर शरीर त्या रोगाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, म्हणजे लढायची हत्यारं. नंतर रक्त तपासलं, तर सगळ्यांनी बनवली होती. भुंडीनं सगळ्यांत कमी. लस तीच, बाटली तीच, सुई टोचणारा तोच.

"आन् म्हणून तिचं नाक वायते? अंगावरचे केस म्हणून गेले?"

"म्हणूनच, असं नाई म्हणता येत. पण मले वाटते, हेही कारण हाये."

माझ्या मनात त्या वेळी एक वेगळी गोष्ट आली, ती मी मावशीला सांगितली नाही. हॉस्टेलच्या पहिल्या वर्षी मी सतत आजारी असे. सर्दी, ताप, पुन्हा सर्दी. मेसमध्ये कुठे बसू, कोण आडनाव विचारेल, याच विचारात ताटातलं गार व्हायचं. डॉक्टर म्हणाले नागपूरची हवा लागली. लागली असेल. माझ्याकडे पुरावा नाही आणि पुरावा नसेल तिथे मी बोलत नाही. पण भुंडीला मान वर करून मागे बघताना पाहिलं की मला मेसमधलं ते गार ताट आठवायचं.

पोळ्याच्या आसपास कळलं की भुंडी गाभण आहे. त्याच आठवड्यात बकऱ्यांचा व्यापारी आला. चांगला माणूस, वर्षानुवर्षं मावशीकडे येणारा. त्यानं भुंडीच्या फासळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हिले देऊन टाक बाई. पोटातलं जगणार नाई. आन् जगलं तरी काय? हिची जातच कमजोर हाये."

त्याच्या मनात काही नव्हतं. बकरीबद्दल असंच बोलतात. पण मावशी खुर्चीवरून उठली.

"जात नोको काढू."

"अवं, बकरीची—"

"कोनाचीच नोको काढू माह्या दारात. कमजोर हाये का खाऊ देत नाई कोनी, ते माही पोरगी शोधून राहिली. तू जाय. ही इकायची नाई. हिचं पिल्लू जगणार, आन् याच कोठ्यात जगणार."

व्यापारी गेला. मावशी माझ्याकडे वळली. "जगणार ना वं?"

मी म्हटलं, "माहीत नाई." खोटं कशाला बोलू?

"मंग माहीत करून घे," ती म्हणाली. "तोवर मी पायतो."

दुसऱ्या दिवसापासून मावशीनं कोठ्यात समता आणायला घेतली.

तिची युक्ती सरळ होती. आजवर जी शेवटी जेवली ती आता पहिली जेवणार. संध्याकाळी बकऱ्या आल्या की काळीला दाराशी खुंटीला बांधायचं, तिच्या खालच्या दांडग्या बकऱ्यांना बाहेर ठेवायचं, आणि भुंडीला एकटीला भरलेल्या गव्हाणीपाशी न्यायचं. तिचं झालं की खालून दुसरी, मग तिसरी. उलटी पंगत. काळी शेवटी. आणि ती बांधलेली असताना मावशी तिला भाषण देई.

"आं? कसं वाटते आता? रोज मधात उभी राहत होती ना! आता पाय दुसऱ्याचं तोंड. शिंगं हायेत म्हणून काय सातबारा तुह्या नावानं हाये का गव्हाणीचा?"

काळी दोर ताणून बें करी.

"ओरड. माहीबी माय ओरडत होती, कोनी आयकलं नाई."

मी हसून हसून पायरीवर आडवी. पण आतून मला तिचा इतका अभिमान वाटत होता! शिकलेली माणसं निसर्गाचा नियम म्हटला की हात जोडतात. ही बाई नियमाच्या गळ्यात दोर बांधून त्याला जाब विचारत होती.

माझ्या कामाची मात्र वाट लागली. मी मोजत होते तो क्रमच कोणीतरी उलटा करत होतं. मी म्हटलं, "मावशी, माही पीएचडी बुडून राहिली." ती म्हणाली, "तुही पीएचडी मोठी का माही बकरी?" मी मॅडमना फोन केला. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "थांबवू नकोस त्यांना. असा प्रयोग करायची मला परवानगी मिळाली नसती. नमुने घेत राहा."

मी घेत राहिले. आणि जे दिसलं ते चांगलं नव्हतं.

भुंडी पहिली जेवे खरी, पण नंतर कोठ्याचं दार लागलं की हिशेब होई. आधी जी नुसती मान वळवून भागवायची ती काळी आता धडक मारी. मधल्या बकऱ्यांना तर काहीच कळेना. कोण आधी, कोण नंतर, काल जिला हटवलं ती आज आपल्या आधी खाते, मग तिच्याशी पुन्हा लढा. एका बकरीचं शिंग मुळाशी मोडलं, रक्त आलं, मावशीनं हळद दाबली. लेंड्यांचे रिपोर्ट आले तेव्हा काळीचा कॉर्टिसॉल वाढलेला, मधल्यांचा वाढलेला, आणि भुंडीचा तर कधी नव्हे इतका. मॅडम म्हणाल्या, हे पुष्कळ प्राण्यांत दिसतं. क्रम ठरलेला असतो तेव्हा खालच्याला त्रास होतो. क्रम डळमळला की सगळ्यांनाच होतो, आणि वर बसलेल्याला कधीकधी सगळ्यांत जास्त, कारण त्याला रोज जागा सांभाळावी लागते.

भाद्रपदातल्या ओल्या हवेत भुंडीला न्यूमोनिया झाला. तापलेलं अंग, पोटातून श्वास, तोंड उघडं. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि म्हणाले, गाभण आहे, दमानं घ्या, बघू.

मावशी तिच्याजवळ जमिनीवर बसली होती. मावशी जमिनीवर बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. पोत्यानं भुंडीचं अंग पुसत ती मला म्हणाली, आणि आवाज तिचा वाटत नव्हता, "मंग बरोबर होतं का वं त्यायचं?"

"कोनाचं?"

"ज्यायनं आपल्याले खाली बसवलं त्यायचं. असंच असते म्हणत होते ना ते? वरचे वर, खालचे खाली, आन् कोनी हलवलं का सगळ्यायचाच नास."

मी आयुष्यात बऱ्याच परीक्षा दिल्या. तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या प्राध्यापकांनी मला घाम फोडला. पण इतका अवघड प्रश्न मला कोणी विचारला नाही. आणि उत्तर मला येत होतं, याचा मला आजही आनंद आहे.

मी म्हटलं, "नाई मावशी. बकरीले शिंगं आपोआप येतात. माणसाले कोनाले शिंगं येत नाईत. ती त्यायनं बनवली आन् डोक्यावर बांधली. बकऱ्यांत हाये म्हणून माणसात असावं, असं शास्त्र म्हणत नाई. बकऱ्या उघड्यावर बाळंत होतात, आपण होतो का? आन् दुसरी गोष्ट आयक. भुंडीले नंबर आजारी पाडत नाई. काळी दूर असली का भुंडीही मजेत असते, नदीवर पाय ना कशी चरते. तिले आजारी पाडते ते रोजचं थांबणं. मागं पाहणं. आता मारन का मंग मारन."

मावशीनं पोतं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "गाव एकाच विहिरीवर पाणी भरे. माय हंडा घेऊन बाजूले उभी राहे. कोनी ओतन तं ओतन. आधी तिची वाट पाहून पाहून कंबर मोडे, मंग हंड्यानं मोडे. मंग घरोघरी नळ आले. त्या दिवशी ते लोक काय चांगले झाले का? नाई. तेच होते. पण माय कोनाच्या तोंडाकडं पाहायची बंद झाली."

माणसांचं इतकं सोपं नसतं. नळ आले म्हणून सगळं संपलं असतं तर मला हॉस्टेलात आडनाव लपवायला लागलं नसतं. हे मी तिला म्हणाले. ती म्हणाली, "माणसाचं तू लिही पुस्तकात. मी बकऱ्यायचं पायतो."

सकाळी उठून बघते तर लांब गव्हाणीचे कुऱ्हाडीनं तुकडे झालेले.

मग आठवडाभर मावशी खाप्यातल्या भंगाराच्या दुकानांतून हिंडली. ट्रॅक्टरचे जुने टायर आले, तेलाचे कापलेले डबे आले, प्लास्टिकची फुटकी टोपली आली. कोठ्याच्या प्रत्येक कोपऱ्यात थोडं थोडं खाणं. पाल्याच्या पेंढ्या वेगवेगळ्या उंचीवर छताला लटकवल्या. पाण्याची भांडी दोन्ही टोकांना. नदीतले मोठे दगड आणून चौथरे केले, कारण बकरीला उंचावर बसलं की सुरक्षित वाटतं, आणि चौथरे इतके केले की एकटीला सगळे अडवता येऊ नयेत. मध्ये मध्ये आडोसे हवे होते, कारण खालची बकरी वरचीच्या नजरेला पडली नाही तरी पुरतं. त्यासाठी तुटकी बाज उभी केली, आणि बाजारातल्या चौकात उतरवलेला कोण्या नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दोन बांबूंवर ताणून बांधला.

"मावशी, कोनी पाहिलं तं?"

"काय पाह्यन? साहेब गरिबाच्या जेवणाले आडोसा देऊन राहिले. याच्यापेक्षा मोठं काम केलं का त्यायनं कधी?"

भुंडी उठायला लागली तेव्हा तिनं जागा निवडली ती नेमकी साहेबांच्या मागची. पुढून हार घातलेले साहेब हात जोडून उभे, आणि त्यांच्या पोटाखालून भुंडीचे चार पाय दिसत.

मी परत पायरीवर बसून मोजायला लागले. काळी काळीच होती. तिची पहिली जागा कोणी घेतली नाही, घ्यायचा प्रयत्नही केला नाही. ती एका टायरवरून दुसऱ्याला हटवायची, तिथे दोन घास खायची, तोवर पहिल्यावर कोणीतरी आलेलं असायचं. सुरुवातीला ती इकडून तिकडे धावायची. मग तिनं सोडून दिलं. एका टायरापाशी उभी राहून शांतपणे खायला लागली. भुंडी अजूनही शेवटच्या नंबरचीच होती. कोणीही आलं की उठायची. पण उठून पुढच्या डब्याकडे जायची, घाईनं नाही. आणि एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की तिनं बराच वेळ मान वर केलेली नाही. खाली घातलेली मान, चालणारा जबडा, कानसुद्धा सैल. मी मावशीला बोलावलं नाही. मला ते एकटीला बघायचं होतं.

शिंग मोडलेली ती बकरी भुंडीच्या शेजारी येऊन बसायला लागली. दोघी पाठीला पाठ लावून रवंथ करत. सोबत मिळाली की ताण उतरतो, हेही कळपातल्या प्राण्यांत दिसतं. दोघींचीही शिंगाची बाजू लंगडी, आणि त्यावर मावशी म्हणाली, "जुळलं यायचं."

कोजागिरीनंतर सगळ्या गाभण बकऱ्यांना लसीचा दुसरा डोस दिला. याचं कारण मला फार आवडतं. माणसाच्या बाळाला आईची काही प्रतिपिंडं पोटातच मिळतात. बकरीच्या पिल्लाला मिळत नाहीत. गर्भाला आईशी जोडणारी त्यांची वार ती पुढे सोडत नाही. पिल्लू रिकाम्या हातांनी जगात येतं. आईनं कमावलेली सगळी ताकद तिच्या चिकात उतरते आणि पिल्लानं तो चीक पहिल्या काही तासांत प्यायला तरच ती त्याची होते. नंतर दार बंद. म्हणजे भुंडीला आता आपल्यापुरतं बनवून भागणार नव्हतं.

दिवाळी होऊन थंडी पडली होती. मी सकाळच्या एसटीनं पोचले तर मावशी फाटकातच, "चाल लवकर, कळा धरल्या तिनं." भुंडी फ्लेक्समागे आडवी होती. ऊन टिनावर आलं तसं पहिलं पिल्लू झालं. हललं नाही. मावशीनं त्याचं नाक पुसलं, तोंडात बोट घातलं, मागचे पाय धरून हलवलं, गवतानं छाती चोळली. ते काही उठलं नाही. मावशीनं त्याला पोत्यावर ठेवलं आणि त्याच्याकडे परत बघितलं नाही, कारण दुसरं येत होतं.

दुसरं लहान होतं. ओलं, तांबूस कानांचं, डोक्यावर हात फिरवला तर शिंगाच्या जागी दोन गुळगुळीत उंचवटे. तेही भुंडंच. श्वास घेत होतं. भुंडी उठली, चाटायला लागली. पिल्लू उभं राहिलं, पडलं, उभं राहिलं. सडापर्यंत पोचेना. मावशीनं सड पिळून पाहिला. पिवळा, घट्ट चीक. पावसाळ्यातल्या भुंडीकडून मला याची आशा नव्हती. मावशीनं पिल्लाचं तोंड धरून सडाला लावलं. "पी. पी वं माह्या बाई. तुह्या मायनं जमवलं हाये, दुसऱ्याचं नाई." शेपटी हलायला लागली तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

पण पोट भरणं वेगळं आणि ताकद पोचणं वेगळं. दोन दिवसांनी मी पिल्लाच्या रक्ताचा नमुना घेतला, भुंडीचाही घेतला. नागपूरला प्रयोगशाळेत आकडे हातात आले तेव्हा मी ते मॅडमना दाखवायच्या आधी कॉरिडॉरमध्ये जाऊन मावशीला फोन लावला.

"मावशी, आली. पिल्लात आली प्रतिपिंडं. चांगली आली. आन् भुंडीचीही इतर बकऱ्यांच्या बरोबरीनं. दुसऱ्या डोसनं सगळ्यांचीच वाढतात, पण आधी ती मागं होती, आता नाई."

तिकडे मागून बकऱ्यांचा आवाज येत होता. मावशी म्हणाली, "इंजेक्शनानं झालं का टायरानं?"

"दोन्हीनं. किती कशानं, ते एका बकरीवरून सांगता येत नाई. मी लिहीनही तसंच."

"तसंच लिही. जास्तीचं नोको लिहू." आणि मग, "आन् काळीचं कसं हाये?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. जिला तिनं महिनाभर खुंटीला बांधून भाषणं दिली, तिची चौकशी. मी कागद उलटले. काळीचा कॉर्टिसॉल उतरला होता. मी मोजायला लागले होते तेव्हापेक्षाही खाली.

"तिचंही उतरलं मावशी. पहिल्यापेक्षाही कमी."

"उतरणारच," मावशी म्हणाली. "एवढी लांब गव्हाण एकटीनं राखायची म्हणजे काय कमी काम होतं का? बिचारी धड जेवतही नोती. मले दिसलंच नाई तेव्हा." आणि फोन बाजूला धरून, मी ऐकत असतानाच, तिनं काळीला हाक मारली, त्याच उंच आवाजात, पण घरातल्या थोरलीला हाक मारतात तशी.